माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर

संघमित्रा खंदारे यांच्याविषयी आमच्या ऑफिसात दोन मतं आहेत. एक, त्या हट्टी आहेत. दुसरं, त्या फार हट्टी आहेत. मी तेजश्री, त्यांच्या हाताखाली सहायक विधी अधिकारी. माझं मत कोणतं, ते त्या दिवशी त्यांनी मला किती पिडलंय यावर ठरतं.

महापालिकेच्या विधी विभागात बरेच कक्ष आहेत, आणि फौजदारी कक्ष त्यातला सगळ्यात नावडता. बेकायदा मजले चढवणारे, खाडीत डेब्रिज ओतणारे, बंद केलेला कारखाना मागच्या दाराने चालवणारे, अशा ज्या कुणावर पालिकेला खटला भरायचा असतो तो आमच्याकडे फाइल होऊन येतो. आम्ही सही केली की तो आरोपी होतो. मॅडम या कक्षाच्या प्रमुख. नेमणुकीच्या वेळी त्यांना फार मायेने सुचवलं गेलं होतं की तुम्ही सेवाविषयक प्रकरणं घ्या, फौजदारीत नुसती डोकेफोड, वर धमक्या. मॅडम म्हणाल्या, "कुणावर केस टाकायची हे कुणीही ठरवील. कुणावर टाकायची नाही हे ठरवायला माणूस लागतो. तो मी आहे." ज्यांनी सुचवलं होतं ते साहेब अजून लिफ्टमध्ये त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात.

मॅडमची एक सवय आहे. फाइलीतला प्रत्येक जबाब त्या मोठ्याने वाचतात. मनात नाही, मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसा, केबिनचं दार सताड उघडं ठेवून. नवीन आलेला माणूस हसतो. मीही हसले होते. मग त्यांनी मला जबाबाच्या शेवटची ओळ वाचायला लावली. सगळ्या सरकारी जबाबांच्या शेवटी ती असते: 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' ही ओळ कुणी सांगत नाही. ती आधीच टाइप केलेली असते, माणूस यायच्या आधीपासून.

"माझ्या बापाने या ओळीखाली अंगठा दिला होता," मॅडम म्हणाल्या.

त्यांचे वडील गंगाराम हिंगोलीकडून आले आणि तुर्भ्याच्या खदानीत भोकं पाडायच्या मशीनवर लागले. एकदा सुरुंग अवेळी उडाला आणि त्यांच्या पायाचा पंजा गेला. दवाखान्यात कुणीतरी जबाब घेतला, अंगठा घेतला. नुकसानभरपाई मागायला गेले तेव्हा कळलं की जबाबात 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलंय. निष्काळजीपणा हा शब्द त्या माणसाने आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. पुढे आई दुर्गाबाईने बेलापूरच्या ऑफिसांत फरशा पुसून घर चालवलं, आणि मुलगी घणसोली गावात आगऱ्यांच्या चाळीतल्या भाड्याच्या खोलीत राहून वकील झाली. हे मॅडम रडत सांगत नाहीत. दात ओठ खाऊन सांगतात, आणि लगेच पुढची फाइल ओढतात.

तर बाळाबाई मढवींची फाइल.

घणसोली गावातलं घर, बाळाबाईंच्या नावावर. खालचे तीन मजले जुने, नियमात बसलेले. त्यावर कुणीतरी हिरवी जाळी लावून चौथा चढवला होता, आणि त्याच्या वजनाने खालच्या भाडेकरूंच्या भिंतींना चिरा गेल्या होत्या. शेजाऱ्याने तक्रार केली, वॉर्ड ऑफिसने बाळाबाईंना बोलावून जबाब घेतला आणि फाइल आमच्याकडे पाठवली. बांधणारा कोण हे अख्ख्या गावाला माहीत होतं. हौसेराव नावाचा कंत्राटदार. गावठाणातल्या म्हाताऱ्यांना दोन खोल्या कबूल करायच्या, त्यांच्या नावावर मजला उठवायचा, उरलेल्या खोल्या विकून मोकळं व्हायचं. कुणी विचारलं की गावकऱ्यांनी गरजेपोटी बांधलंय म्हणून हात वर करायचे. हौसेराव आमच्या साताऱ्याकडचा. हे सांगताना मला आनंद होत नाही.

मी चहा ढवळत होते. मॅडमनी वाचायला घेतलं. "नोटिशीतील बांधकामाबाबत विचारले असता सांगते की, हौसेराव शेठने मला चढवले. मला काही माहीत नव्हते." त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. "शेठने मला चढवले."

"म्हणजे फूस लावली," मी म्हटलं. "फूस त्याची, बांधकाम बाईचं. कबुलीच आहे ही."

"बाई आगरी आहे ना?"

"मढवी म्हणजे आगरीच."

"मग ती असं म्हणणार नाही. रणजीतला बोलव."

रणजीत म्हणजे वॉर्ड ऑफिसातला क्लार्क, कराडकडून नवीन बदलून आलेला, अक्षर मोत्यासारखं. तो धापा टाकत आला. मॅडमनी विचारलं, "बाई काय म्हणाली? तिच्या तोंडचं सांग. तुझ्या नको."

रणजीतने डोकं खाजवलं. "मॅडम, म्हातारी कधी 'मना' म्हणते, कधी 'माला' म्हणते. म्हणली, शेटनी माला चढवला, मना काय मायती नव्हता. मी दोन्हीचं 'मला' केलं."

"आणि 'चढवला' म्हणाली की 'चढवलं'?"

"चढवलाच म्हणली. गावठी बोलत होती, म्हणून मी शुद्ध केलं."

"शुद्ध केलंस," मॅडम म्हणाल्या, आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं. त्यांनी पेन असं ठेवलं की समोरच्याने खुर्ची मागे घ्यावी.

मग त्यांनी आम्हा दोघा सातारकरांची शिकवणी घेतली. या गावांत ळ नाही, ल आहे. काळा म्हणजे काला, डोळा म्हणजे डोला, आणि माळा म्हणजे माला. मजला. आणि 'मला' म्हणायचं असेल तर ही माणसं 'मना' म्हणतात. मना भूक लागली, मना पानी दे. स्वतःला 'माला' म्हणणारा आगरी त्यांनी लहानपणापासून एक ऐकला नव्हता. बाई म्हणाली होती, शेटनी माळा चढवला. रणजीतने लिहिलं होतं, शेठने मला फूस लावली. एका शब्दात साक्षीदाराची आरोपी झाली होती.

"पण मी वाचून दाखवला होता तिला," रणजीत रडवेला झाला. "देवाशप्पथ. ती म्हणली, बरोबर हाय."

"म्हणणारच. तू वाचलंस 'मला चढवले', तिने ऐकलं 'माला चढवला'. तुम्ही दोघंही खरं बोललात, आणि कागद खोटा झाला."

मला त्या क्षणी रणजीतचा इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि त्याहून जास्त राग आला तो माझा, कारण मलाही तो कागद कबुलीच वाटला होता. नवा जबाब लगेच घेतला. पण जुना काही फाडून टाकता येत नाही. तो फाइलीत राहतो आणि दुसऱ्या बाजूच्या वकिलाच्या हाती पडतो.

मोठ्या साहेबांकडे आम्ही दोघी गेलो. साहेब वाईट नाहीत. त्यांना निकाली प्रकरणं दाखवायची असतात, एवढंच. म्हणाले, "पहिल्या जबाबावर सही आहे, बाई स्वतः कबूल झालीये, घर तिच्या नावावर. फिर्याद तिच्यावर टाका. दंड भरेल, मजला नियमित करायचा अर्ज देईल, मॅटर संपेल. कशाला त्या कंत्राटदाराच्या मागे लागता? त्याच्यावर टिकणार नाही."

"कायद्यात कैदसुद्धा आहे, साहेब. दंडावरच सुटेल असं कोण म्हणतं?"

"म्हातारीला कोण आत टाकतंय."

"मग सही तुम्ही करा."

साहेबांनी चष्मा काढला. ते सही करणार नव्हते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. शेवटी म्हणाले, "ठीक. हौसेरावला आरोपी करा, बाईला साक्षीदार. पण बाई कोर्टात फिरली तर त्याच आठवड्यात तिच्यावर फिर्याद टाकायची. तसं लिहून द्या."

"नाही देणार," मॅडम म्हणाल्या. "ती फिरली तर दुसऱ्या कुणाकडून फिर्याद टाका. पण त्या दिवशी मी या खुर्चीत नसेन. त्या बाईचं वकीलपत्र घेऊन समोर उभी असेन."

खाली येताना जिन्यात मी म्हटलं, "मॅडम, नोकरी आहे ही." त्या म्हणाल्या, "असू दे की. मी कुठे नाही म्हटलं."

साक्षीच्या आधी समन्स घेऊन आम्ही घणसोली गावात गेलो. समन्स द्यायला शिपाई पुरतो, पण मॅडमना स्वतः जायचं होतं. गल्ली एवढी चिंचोळी की समोरून स्कूटर आली तर कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागतं. बाळाबाई पायरीवर बसून सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होत्या. नऊवारी, कपाळावर कुंकवाच्या जागी मोठं गोंदण, आणि नजर अशी की आपण भाडं थकवलंय असं वाटावं.

मॅडम त्यांच्या शेजारी पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "आजी, कोर्टात वकील उलटसुलट विचारील. जे झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. आणि एक आधीच सांगते. तुम्ही खरं सांगितलंत तर तुमच्यावरची बला टळेल, पण माला तुटेल. शेटनी तुमच्या वाट्याच्या म्हणून दिलेल्या दोन खोल्या वरच आहेत. त्याही जातील."

बाळाबाईंनी सोड्याची पाटी बाजूला ठेवली. "मंग तू मना वाचवाला आलीस का बुरवाला?"

"मी खरं सांगायला आले."

"त्यो शेट सांगतं, तू बोल मीच बांधला, दंड मी भरतं, खोल्या तुज्या तुला. आनि तू सांगतंस खोल्या जातील. त्याचा बरा का तुजा बरा?"

मला वाटलं मॅडम आता समजावतील, पटवतील, चिरा गेलेल्या भिंती दाखवतील. त्या उठल्या, साडी झटकली, म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवा, आजी. घर तुमचं आहे."

बाळाबाईंनी आमच्या पाठीमागे जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. मॅडमना सगळं कळलं आणि त्यांना हसू आलं, एवढंच सांगते.

गाडीत बसल्यावर मी भडकले. "मॅडम, एक वाक्य सांगायचं होतं तिला. की आजी, वकिलाने 'मला चढवले' असं वाचलं तर सांगा, मी माळा म्हणाले होते. एवढंच. त्यात काय खोटं आहे?"

"शिकवलेली साक्ष आहे ती."

"खरं तेच तर शिकवायचंय."

"माझ्या बापाच्या तोंडात कुणीतरी शब्द घातला होता," त्या म्हणाल्या. "तो खोटा होता म्हणून मी चिडत नाही, तेजश्री. तो त्याचा नव्हता म्हणून चिडते. मी दुसरा घालणार नाही."

करंजाड्याला घरी पोचेपर्यंत माझा राग उतरला नव्हता. नवऱ्याने काय झालं विचारलं, तर त्यालाच दोन शब्द ऐकवले. तत्त्वं पाळायला माझी ना नाही. पण म्हातारी आरोपी झाली तर तत्त्वांचं काय लोणचं घालायचं, हे मला कुणी सांगावं.

साक्षीच्या दिवशी बेलापूरच्या कोर्टात हौसेराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला होता. त्याचा वकील शौनक, वयाने तरुण, आवाज लोण्यासारखा, साक्षीदाराला 'मावशी' म्हणणारा. न्यायाधीश बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. मॅडमनी आपल्या बाजूने बाळाबाईंना मोजकंच विचारलं. घर कुणाचं, जाळी कुणी लावली, मजूर कुणाचे. बाळाबाई एवढंच म्हणाल्या की मजूर कुनाचं ते मी कसा सांगू, मी काय त्यांना चहा पाजला नाय. शब्दाला शब्द जोडून पुढे काहीच नाही. हौसेराव समोर बसून पानाच्या टपरीवर ओळखीचं कुणी भेटावं तसा हसत होता. मला कळलं की बाई अजून ठरवतायत.

शौनक उठला. त्याने जुना जबाब काढला. "मावशी, ही सही तुमची?"

"माजीच."

"हा जबाब तुम्हाला वाचून दाखवला होता?"

"हां, दाखवला व्हता. त्या गोऱ्या पोऱ्यानी."

"आणि तुम्ही म्हणालात, बरोबर आहे?"

"बोलली व्हती."

"मग मी वाचतो. 'हौसेराव शेठने मला चढवले.'" त्याने 'मला' अगदी स्वच्छ उच्चारलं, पुण्याच्या नाटकात उच्चारतात तसं. "म्हणजे मावशी, शेठ नुसतं बोलले. चांगलंय म्हणाले, बांधा म्हणाले. तुम्हाला चढवलं. आणि बांधलं तुम्ही. तुमच्या घरावर, तुमच्या गरजेपोटी. यात लाजण्यासारखं काही नाही. हो म्हणा, म्हणजे विषय संपला."

मी मॅडमकडे पाहिलं. उठून हरकत घ्यायला जागा होती. निदान प्रश्नाच्या मांडणीवर तरी. त्या उठल्या नाहीत. हात टेबलावर, बोटं एकमेकांत घट्ट रुतलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं, आणि मला त्यांची दया आली, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं की उठून त्यांना गदागदा हलवावं.

बाळाबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. हौसेरावकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हो म्हण अशी. मग त्यांनी शौनककडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांना काहीतरी टोचलंय. खोल्या नाही, दंड नाही. शौनकने आत्ता जे म्हटलं ते.

"काय बोललास? मना चढवला?"

"हो मावशी. तुम्हीच सांगितलंय तसं."

"मी अशी नाय सांगली." आवाज चढला. "मना कोन चढवनार? मी काय लहान पोर हाय? माज्या नवऱ्यानी मना कदी चढवली नाय, सासऱ्यानी नाय, आनि यो चढवनार?"

"मावशी, शांतपणे—"

"तू गप. तुजा झाला बोलून." त्या वळल्या, न्यायाधीशांकडे. "बाय, मी बोलली, शेटनी माला चढवला. माला. माज्या डोक्यावर. मना इचारला नाय, सांगला नाय. खालची पोरा भिंतीला टेकून झोपतान, तिथं चिरा गेल्यान. आता बोलतं, खोल्या घे नि गप ऱ्हा." बोट हौसेरावकडे गेलं. "यो माला मना नको. ज्यानी चढवला त्यालाच उतरवाला सांगा."

कोर्टात कुणीतरी खोकलं. शौनकच्या हातातला कागद खाली आला. हौसेरावचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं होतं, फक्त आता ते कशासाठी आहे हे त्यालाही ठाऊक नसावं. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आले होते, आपापल्या जागी, कुणी न शिकवता. यापुढे त्या जुन्या जबाबाचा उपयोग भेळ बांधायला.

कोर्टाच्या टंकलेखकाची बोटं मात्र थांबली होती. तो न्यायाधीशांकडे मान वर करून म्हणाला, "मॅडम, काय लिहू? 'हा मजला मला नको' असं शुद्ध करून घेऊ का?"

संघमित्रा खंदारे तेव्हा उठल्या. पण त्यांना काही म्हणावं लागलं नाही.

"नको," न्यायाधीश म्हणाल्या. "बाई म्हणाल्या तसंच लिहा. आणि मग त्यांना वाचून दाखवा."